तिसऱ्या मजल्यावरचे चाळीस सेकंद

गुरुवार, ७ मार्च

आज काय झालं ते आधी क्रमाने. मत नंतर.

१. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आठवं सत्र सुरू झालं. ठिकाण क्लिनिक नव्हे, एक सात मजली राहती इमारत. असं प्रत्यक्ष जागेवरचं सत्र आमच्या नियमपुस्तिकेत आहे.

२. रुग्ण क्रमांक सहा. वय अठ्ठावन्न. काम लिफ्टच्या दुरुस्तीचं, तीस वर्षं. तक्रार: केलेलं काम पुन्हापुन्हा जाऊन तपासणं. गेल्या आठवड्याची सरासरी दिवसाला चौदा वेळा.

३. त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या दाराचं लॉक बदललं. लिफ्ट मजल्यावर नसताना दार उघडू नये, एवढंच त्या लॉकचं काम.

४. एकदा तपासायचं, नोंदवहीत सही करायची आणि निघायचं, असं ठरलं होतं. त्यांनी तसं केलं.

५. आम्ही जिन्यापाशी पोचलो तेवढ्यात एक बाई बाबागाडी घेऊन आली आणि लिफ्टचं बटण दाबून उभी राहिली.

६. ते घामाघूम झाले. म्हणाले, "ताई, एकदाच सांगा. बरोबर लावलंय ना मी?"

७. या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, हा आमच्या उपचाराचा कणा. खात्री दिली की ती पुन्हा मागावीशी वाटते. मी दोनदा गप्प राहिले. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

८. मी खिशातला रेकॉर्डर बंद केला.

९. मी म्हणाले, "बरोबर लावलंय. मी पाहिलं."

१०. मी पाहिलं नव्हतं. मी स्टॉपवॉचकडे पाहत होते. शिवाय लिफ्टमधलं मला काहीही कळत नाही.

११. रेकॉर्डर पुन्हा सुरू केला. मधला काळ चाळीस सेकंद, फार तर पंचेचाळीस.

१२. क्लिनिकमध्ये परतल्यावर सत्राच्या कागदावर "नियमांप्रमाणे" या चौकोनात खूण केली. सही केली.

मत: काल चार तास झोप झाली होती. हे कारण आहे, सबब नाही. किंवा उलट.

शुक्रवार, ८ मार्च

त्यांच्या फोरमनने काल संध्याकाळी ते लॉक तपासलं होतं. नेहमीच तपासतो, सध्या त्यांना एकट्याने काम करायची परवानगी नाही. लॉक ठीक होतं. म्हणजे नुकसान काही झालं नाही. पण मी बोलले तेव्हा हे मला माहीत नव्हतं, म्हणून ते माझ्या बाजूने धरता येणार नाही.

रोज रात्री झोपण्यापूर्वी ते तपासण्याचा आकडा मला कळवतात. काल रात्रीचा आकडा: पाच.

सोमवार, ११ मार्च

तीन. तीन. दोन.

सकाळी संशोधन, दुपारी रुग्ण, अशी आमची विभागणी आहे. सकाळी मी आलेख काढते आणि दुपारी आलेखातल्या माणसांसमोर बसते. दोन टोप्या, डोकं एकच, असं आजोबा म्हणतो. आजोबा म्हणजे आमच्या तुकडीतला सगळ्यात मोठा, वय चौतीस. आधी सात वर्षं शाळेत गणित शिकवत होता. केस पांढरे व्हायला लागलेत, म्हणून नाव पडलं.

आज आलेख मॅडमना दाखवला. मॅडम माझ्या गाइड. चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला, म्हणजे त्यांना आवडलं.

"अगं, हा तर पाठ्यपुस्तकातला आलेख झाला! आठव्या सत्रापाशी कसा कड्यावरून उतरलाय बघ. काय केलंस तू आठव्यात?"

"जागेवरचं सत्र होतं."

"तेच. तेच मी वीस वर्षं सांगतेय या लोकांना, खोलीत बसून काही होत नाही." मग म्हणाल्या, "तेरा एप्रिलच्या परिसंवादात हाच दाखवायचा."

हो म्हणाले.

बुधवार, १३ मार्च

प्रबंधाला किमान आठ रुग्ण लागतात. माझ्याकडे बरोबर आठ आहेत. नववी बाई डिसेंबरमध्येच सोडून गेली. एक रुग्ण गळला तर नवा शोधायचा, तीन आठवडे नुसत्या नोंदी, मग बारा सत्रं, मग दोन महिन्यांनी फेरतपासणी. सहा महिने. मॅडम जुलैअखेर निवृत्त होतात. नवा गाइड म्हणजे नवा आराखडा. हे फक्त नोंद म्हणून लिहिलं.

आईचा फोन आला नाही. सलग तेरावा दिवस.

हेही नोंदवायला हवं. मी या शहरात राहायला आल्यापासून आई रोज सव्वासातला फोन करून विचारायची, "पोचलीस का?" उत्तर दिलं तरी दहा मिनिटांनी पुन्हा, "दार नीट लावलंस ना?" बाबा गेले ते घरी परतताना गेले, त्यानंतर हे सुरू झालं. हीसुद्धा खात्रीचीच मागणी. एक फेब्रुवारीपासून मी उत्तर देणं थांबवलं. तिला नीट समजावून सांगितलं होतं की "हो, पोचले" म्हटलं की तुला तात्पुरतं बरं वाटतं आणि उद्या जास्त काळजी वाटते, तेव्हा यापुढे मी त्याला उत्तर देणार नाही, दुसरं काहीही बोल.

ती म्हणाली, "अगं, मी आई आहे, पेशंट नाही."

पहिल्या आठवड्यात दिवसाला चार फोन. दुसऱ्यात दोन. मार्चपासून शून्य. आठही रुग्णांपेक्षा जलद.

गुरुवार, १४ मार्च

नववं सत्र. ते वेळेआधी बारा मिनिटं आले आणि बाहेरच्या बाकाचा डुगडुगणारा पाय पुठ्ठ्याची घडी घालून स्थिर केला. एकदाच हलवून बघितला. मी मनात मोजलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या सहकाऱ्याने एका इमारतीत लॉक अर्धवट सोडलं आणि न बघताच 'तपासलं' अशी सही केली. दार उघडलं, लिफ्ट नव्हती. आत पाऊल टाकणाऱ्याला मागच्याने धरलं. माणूस वाचला, बूट खाली गेला. तो बूट काढायला खड्ड्यात उतरले ते आमचे रुग्ण. त्यानंतर हे सगळं सुरू झालं. आज हे त्यांनी पहिल्यांदाच न थांबता सांगितलं.

"डॉक्टर ताई, तुमच्यामुळे माणसात आलो."

"मी डॉक्टर नाही अजून."

"होणारच ना! लिफ्टची गाडी खाली पोचायच्या आधीच आम्ही बटणाचा दिवा लावतो की नाही?"

कालचा आकडा: एक.

शुक्रवार, २२ मार्च

प्रत्येक रुग्णाच्या बारा सत्रांतली दोन चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि दुसऱ्या विद्यार्थ्याने ऐकून गुण द्यायचे, असा नियम आहे. माझी आजोबा ऐकतो, त्याची मी. पहिली चिठ्ठी दुसऱ्या सत्राची निघाली. दुसरी आठव्याची.

आजोबा हेडफोन गळ्यात घेऊनच माझ्या टेबलापाशी आला.

"काय बाईसाहेब, नियमपालन सातपैकी सात. अभिनंदन. आपुलकी सातपैकी तीन. तीनसुद्धा दयेने दिलेत."

"आपुलकी हा पूरक निकष आहे."

"तेच म्हणतोय, थोडा पूर येऊ दे." मग म्हणाला, "आठव्याच्या दोन फाइली कशा? मध्येच तुटलंय."

"बॅटरी."

"ती लिफ्ट येतानाच गेली बॅटरी? तिलाही भीती वाटली असेल." त्याने शेऱ्याच्या रकान्यात "बॅटरी" लिहिलं, खाली सही केली आणि चहा घ्यायला गेला.

एक वाक्य झाकायला दुसरं, आणि दुसऱ्यावर सही त्याची.

सोमवार, २५ मार्च

लिफ्ट कंपनीकडून पत्र आलं. क्रमांक सहा पुन्हा एकट्याने काम करायला योग्य आहेत का, याचा अभिप्राय सोमवार, १५ एप्रिलपर्यंत हवा. मॅडमनी पत्र माझ्याकडे सरकवलं. "मसुदा तू कर. आलेख जोड, काम झालं."

मसुद्याची पहिली ओळ लिहिली. खोडली नाही. पुढे गेले नाही.

गुरुवार, २८ मार्च

अकरावं सत्र. रेकॉर्डिंग नियमाप्रमाणे. आकडे: शून्य, एक, शून्य, शून्य.

वेळ संपली, रेकॉर्डर बंद झाला, आम्ही व्हरांड्यात आलो. ते छत्री शोधत होते. छत्री हातातच होती. मग सहज म्हणाले:

"तुमच्या त्या शब्दाने काम केलं हं, ताई."

"कोणत्या?"

"'मी पाहिलं.' आता कुठेही काम संपलं, जिवाची घालमेल व्हायला लागली, की मी म्हणतो, ताईंनी पाहिलंय. म्हटलं की जरा बरं वाटतं. नाही वाटलं तर परत म्हणतो."

"मनात?"

"मनात. कधी पुटपुटतो. बायको म्हणते, कसला जप चाललाय तुमचा?"

"दिवसातून किती वेळा?"

त्यांनी खरंच विचार केला. "साठ? सत्तर? मोजलं नाही. वर चढून बघायचं तेवढं मोजा, असं सांगितलं होतंत तुम्ही."

खरं आहे. तसंच सांगितलं होतं.

म्हणजे तपासणं थांबलेलं नाही. जिन्यातून उठून डोक्यात जाऊन बसलंय, आणि मी जिन्यावरच मोजत होते. हा कडा नाही. कागदाच्या कडेबाहेर गेलेली रेघ आहे. आणि उद्या हा माणूस एकटा कुठल्यातरी दारासमोर उभा असेल, दार नीट लागलंय का हे न बघता म्हणेल, ताईंनी पाहिलंय.

पाठ्यपुस्तकात याला नाव आहे. इथे लिहीत नाही.

रविवार, ३१ मार्च

दादाचा फोन. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. आई त्याच्याकडे राहते.

"काय गं, तुझ्या घराखाली औषधांचं दुकान आहे ना?"

"आहे. का?"

"आईने त्यांचा नंबर मिळवलाय. रोज साडेसातला त्यांना फोन करते. वर दिवा लागलाय का बघा हो, म्हणते. मला काल कळलं, बिल बघताना नाही, तिच्या तोंडूनच सुटलं. तू सांगितलं होतंस म्हणे, तुला विचारायचं नाही म्हणून."

मी म्हणाले, "हा मागणीचा दुसरा मार्ग आहे. अपेक्षित असतं."

"काय?"

"काही नाही."

"तू तिच्याशी अशी बोलतेस का? माझ्याशी बोल बाई, मला सवय आहे. तिच्याशी नको."

दुकानदार गेले काही आठवडे मला येताजाता "आलात?" विचारतात. मला वाटलं गिऱ्हाईक धरून ठेवायची पद्धत असेल. परवा मी उशिरा आले तर ते शटर अर्ध्यावर ठेवून उभे होते. मला बघून फोन कानाला लावला आणि शटर ओढलं.

म्हणजे आईचाही आकडा शून्य नव्हता. मोजायची जागा चुकली.

दोन्ही उदाहरणं वेगळ्या प्रकारची आहेत. एक निदान झालेला रुग्ण, दुसरी निदान न झालेली नातेवाईक. संबंध जोडायचं कारण नाही. अभिप्रायाचा मसुदा फाडला.

गुरुवार, ४ एप्रिल

बारावं आणि शेवटचं सत्र. मॅडमना आधी सांगायला हवं होतं, मग रुग्णाला. क्रम चुकला. ते समोर बसले आणि मी सांगितलं. रेकॉर्डर चालू होता.

"सात मार्चला मी म्हणाले की मी पाहिलं. मी पाहिलं नव्हतं. मी घड्याळाकडे पाहत होते."

त्यांनी हातातला ग्लास टेबलावर ठेवला. मग दोन बोटांनी काठापासून आत सरकवला.

"म्हणजे कोणीच पाहिलं नव्हतं."

"तुम्ही पाहिलं होतं. एकदा. आणि फोरमननी संध्याकाळी."

"संध्याकाळी. ती बाई पोराला घेऊन तीनला चढली."

मी गप्प राहिले. या वेळी नियम म्हणून नाही.

"ताई, तीस वर्षं झाली. न बघता 'तपासलं' असं मी एकदाही लिहिलं नाही. डोकं फिरलं माझं, सत्तर वेळा जिने चढलो, पण न बघता सही नाही केली. आमच्यात ज्याने केली त्याचं काय झालं ते सांगितलंय मी तुम्हाला." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुमच्या कागदावर त्या दिवसाचं काय लिहिलंय?"

"नियमांप्रमाणे."

"खाली सही?"

"माझी."

ते उठले. छत्री घेतली. दारापर्यंत जाऊन परत वळले, मला वाटलं काही बोलतील. खिडकीची कडी लागलीय का ते बघितलं आणि गेले. सत्राची वीस मिनिटं शिल्लक होती. ती मी खोलीतच बसून काढली, कारण खोली पाचपर्यंत माझ्या नावावर होती.

रात्री आकडा आला: तेवीस.

शनिवार, ६ एप्रिल

एकवीस. काल चोवीस. अभ्यास सुरू झाला तेव्हाच्या सरासरीपेक्षा जास्त.

आकडा पाठवायचं त्यांनी थांबवलेलं नाही. पाठवायचं आता काही बंधन नाही. बारा सत्रं संपली. का पाठवतात ते समजत नाही.

आजोबाला सांगितलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"माझ्या कागदावर 'बॅटरी' लिहिलंय."

"हो."

"मी गणित शिकवायचो तेव्हा पोरं उत्तर मागच्या पानावरून उतरवायची आणि वर रीत रचायची. उत्तर बरोबर असायचं, म्हणून मला कधी कधी कळायचंच नाही." मग म्हणाला, "मी माझा कागद बदलणार. सोमवारी. तुझं तू बघ. पण आधी तू गेलीस तर बरं दिसेल. तुझ्यासाठी म्हणतोय, माझ्यासाठी नाही."

"थोडं तुझ्यासाठीही."

"थोडं. सातपैकी तीन."

रविवार, ७ एप्रिल

सव्वासातला मी आईला फोन केला. तिने विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काही नाही. पोचले."

"रविवारी कुठे गेली होतीस?"

"कुठेच नाही. घरीच होते."

ती मग म्हणाली, "बरं. जेवलीस का?" त्यालाही उत्तर दिलं. ती दादाच्या मुलीच्या दाताबद्दल बोलत राहिली. एकूण चोवीस मिनिटं. नमुना एकच, निष्कर्ष काढत नाही.

सोमवार, ८ एप्रिल

सकाळी मॅडमच्या केबिनबाहेर उभी राहिले. आत लोक होते. दहा मिनिटांनी निघून आले. आत कोणी नसतं तरी निघून आले असते असं वाटतं. जाताना मी आजोबाला दिसले. त्याने दोन बोटं वर केली, म्हणजे दुपारी दोनला तो जाणार.

साडेबाराला क्लिनिकच्या फोनवर क्रमांक सहा.

"ताई, मनातले धरून लिहू का आता?"

"आकड्यात?"

"हो. 'ताईंनी पाहिलंय' हे गेलं ते बरं झालं म्हणा. पण त्याच्या जागी दुसरं यायला बघतंय. वर चढलो ते वेगळं, मनात आलं ते वेगळं, असे दोन रकाने पाडलेत वहीत."

"चालेल. बरोबर आहे."

"बरोबर म्हणू नका. चालेल तेवढंच म्हणा." मला वाटतं ते हसले. "गुडघे बोलायला लागलेत माझे. लिफ्टवाला आणि जिन्याने, लोक बघतात."

मी विचारलं, पुन्हा पहिल्यापासून करायची तयारी आहे का. माझ्याबरोबर नको असेल तर दुसरं कोणी बघेल.

"आधी तुमच्या कागदावर खरं लिहा. सही करा. ते झालं की मला कळवा, मग मी सांगतो कोणाबरोबर."

मी दीड वाजता आत गेले. आजोबाच्या आधी अर्धा तास. मॅडम ऐकत असताना चष्मा कपाळावर नव्हता. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तुझ्याकडून? तू तर माझी नियमाची पोर." मग, "तोंडी नको. लेखी दे. आज मला काही सुचणार नाही."

मंगळवार, ९ एप्रिल

मॅडमना आज सकाळी दिलेल्या पत्राची प्रत:

आदरणीय मॅडम,

रुग्ण क्रमांक सहा यांच्या आठव्या सत्रात (७ मार्च) मी रेकॉर्डर सुमारे चाळीस सेकंद बंद केला आणि त्या वेळात त्यांना खात्री दिली. ती खात्री खोटी होती. ज्या कामाबद्दल मी "पाहिलं" म्हणाले ते मी पाहिलं नव्हतं. सत्राच्या कागदावर मी "नियमांप्रमाणे" अशी नोंद केली, तीही खोटी. फाइल तुटण्याचं कारण बॅटरी असल्याचं मी माझ्या सहविद्यार्थ्याला सांगितलं. त्याने ते विश्वासाने लिहिलं, त्याचा दोष नाही. दुरुस्त केलेला कागद, माझ्या आजच्या तारखेच्या सहीसह, सोबत आहे. जुना कागद नष्ट केलेला नाही.

आठव्या सत्रानंतर या रुग्णाचे जे आकडे आपण पाहिले ते त्यांच्या सुधारणेचे नाहीत. प्रत्यक्ष तपासण्याची जागा माझ्या वाक्याने घेतली होती आणि ते आपण मोजत नव्हतो. ४ एप्रिलला मी त्यांना खरं सांगितलं. हे आपल्या परवानगीशिवाय केलं, याचीही नोंद व्हावी. त्यानंतर त्यांचे आकडे वाढले आहेत. ते स्वतः नियमित नोंद ठेवत आहेत, आता मनातल्या तपासण्याचीही.

या रुग्णाला माझ्या प्रबंधातून वगळावं. त्यामुळे आठाची अट पूर्ण होत नाही आणि आपल्या निवृत्तीपूर्वी माझं काम संपणार नाही, हे मला माहीत आहे. १३ तारखेच्या परिसंवादात हा आलेख दाखवला जाऊ नये. लिफ्ट कंपनीला "योग्य" असा अभिप्राय आत्ता देता येणार नाही. "उपचार चालू आहेत, देखरेखीखाली काम चालू ठेवावं" असं कळवावं अशी माझी सूचना आहे. तसा मसुदा जोडला आहे. त्यांचे उपचार, माझ्याकडे किंवा त्यांना हवे असतील त्या व्यक्तीकडे, पुन्हा पहिल्या सत्रापासून सुरू व्हावेत. ते संशोधनाचा भाग नसतील.

माझ्याबाबत विभागाने काय करायचं ते विभागाने ठरवावं. त्याला वेळ लागला तरी हरकत नाही. कंपनीच्या पत्राला मात्र सोमवारची मुदत आहे आणि रुग्ण माझ्या फोनची वाट पाहत आहेत. अभिप्रायाच्या मसुद्याला आणि नव्याने उपचार सुरू करण्याला आपली संमती आहे की नाही, एवढं शुक्रवार, १२ एप्रिल, संध्याकाळी पाचपर्यंत मला लेखी कळवावं.